सोलापुरातील गच्चीवर सौर पॅनेलसाठी जागा कशी काढावी

दारात गुंठाभर मोकळी जमीन असलेली घरे सोलापूर शहरात आता थोडीच उरली आहेत. तेव्हा सौर पॅनेलसाठी जागा शोधताना आधी आपली गच्ची नीट पाहावी. एक किलोवॉटसाठी साधारण १०० चौरस फूट सावलीमुक्त जागा धरतात आणि तेवढ्यातून दिवसाला सरासरी ४ युनिटच्या आसपास वीज मिळते. तीन किलोवॉटपुरते ३०० चौरस फूट पुष्कळ गच्च्यांवर असतात. अडते ते सावलीपाशी.

पाणी काही दिवसांआड येत असल्याने आपल्याकडे एकेका गच्चीवर दोन-तीन टाक्या असतात. पॅनेल एकामागे एक जोडलेली असल्यामुळे एकावर पडलेली सावलीही सबंध ओळीची वीज घटवू शकते. म्हणून २२ डिसेंबरच्या सुमारास, सूर्य सर्वांत दक्षिणेला असताना, सकाळी ९, दुपारी साडेबारा आणि ३ वाजता गच्चीवर जाऊन टाकी, जिन्याची खोली आणि शेजारची भिंत यांच्या सावलीच्या कडा खडूने आखाव्यात. त्या दिवशी ४ फूट उंच टाकीची सावली माध्यान्ही उत्तरेकडे सुमारे साडेतीन फूट जाते, तर सकाळी ९ वाजता ती आठ फुटांच्याही पुढे पसरते. खडूच्या रेघांबाहेर उरेल तीच खरी जागा. उन्हाळ्यात मोजलेली गच्ची हमखास फसवते, कारण मेच्या दुसऱ्या आठवड्यात आपल्याकडे भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो आणि सावली जवळजवळ नाहीशी होते. टाक्या उत्तरेच्या कडेला सरकवण्याचा नळजोडणीचा खर्च मी तरी वाया गेला असे मानणार नाही.

गच्ची रोजच्या वापरातली असेल, तर सांगाडा सात-आठ फूट उंच घ्यावा. खाली झोपता-वावरता येते आणि खालच्या खोल्यांना उन्हाची झळ कमी लागते. मात्र कुरडया-पापडांच्या वाळवणासाठी उन्हाची एक पट्टी आधीच राखून ठेवावी, आणि वळवाच्या वाऱ्यात उंच सांगाडा उचलला जाऊ नये म्हणून त्याचे पाय स्लॅबच्या खांब-तुळयांवर बसवून घ्यावेत.

पूर्व भागातील यंत्रमागांच्या शेडवर जागा भरपूर असते. तेथे पॅनेल आणि सांगाडा मिळून दर चौरस मीटरला साधारण १२ ते १५ किलो भार येतो. तो लोखंडी कैच्या पेलतील की नाही, हे अभियंत्याकडून तपासून घ्यावे. सिमेंटच्या पत्र्यावर पाय देऊ नये. माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या घरावर भार न टाकता बाहेरून स्वतंत्र खांब उभारावेत.

घरगुती जोडणीला केंद्राच्या सूर्यघर योजनेत ३ किलोवॉट वा त्याहून मोठ्या संचासाठी ७८,००० रुपयांचे अनुदान मिळते. गृहनिर्माण संस्थेच्या सामाईक वापरासाठी ते किलोवॉटमागे १८,००० रुपये आहे, त्यामुळे अपार्टमेंटमधील सभासदांनी सामाईक गच्चीचा विचार एकत्र करावा.

शेवटचे पॅनेल बसवण्याच्या मोहात ओळींमधली वाट मात्र बुजवू नये. बादली घेऊन माणूस जाईल एवढी जागा हवीच, कारण धूळ आठ-पंधरा दिवसांनी पुसावी लागते. तीही सकाळी काच थंड असताना, आणि शक्यतो बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने नव्हे.