जुनं झाड वाचवायचंय? मग या चुका टाळा

‘एक तोडलं तर दहा लावू’ हा हिशेब मुळातच चुकतो. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जगभरातल्या ४०३ प्रजाती तपासल्या गेल्या. त्यातल्या बहुतेकांमध्ये झाड जितकं मोठं, तितकी त्याच्या वजनात दरवर्षी पडणारी भर जास्त, असं दिसलं. सुक्या लाकडाच्या वजनात जवळपास निम्मा कार्बन असतो, म्हणजे मोठं झाड दरवर्षी हवेतला कार्बनही जास्त साठवतं. शिवाय आज तापणाऱ्या रस्त्याला आज सावली हवी आहे, आणि रोपं ती कुठून देणार?

सर्वांत घातक चूक जमिनीखाली होते. झाड वर जितकं उंच, तितकीच मुळं खोल, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात पाणी ओढणारी बहुतेक बारीक मुळं वरच्या अर्ध्या मीटर मातीत असतात आणि फांद्यांच्या घेराबाहेरही पसरतात. बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक बसवले, खडीचा ढीग टाकला, केबलसाठी चर खणला की तीच गुदमरतात किंवा तुटतात. झाड मात्र पुढची दोन-तीन वर्षंही हिरवंच दिसू शकतं. मग शेंडा वाळू लागतो, पानं बारीक येतात आणि आपण कीड शोधत बसतो.

खोदकामाआधी छातीच्या उंचीवर बुंध्याचा व्यास मोजा आणि त्याला १२ने गुणा. व्यास ६० सेंटिमीटर असेल, तर बुंध्यापासून ७.२ मीटरपर्यंत ना खोदकाम, ना वजन. शेंडा वाळू लागलाच असेल, तर आधी काँक्रीट हलक्या हाताने काढा. उघड्या मातीवर पालापाचोळ्याचा ५ ते १० सेंटिमीटरचा थर द्या. तो बुंध्याला टेकवू नका. पाणीही बुंध्याशी ओतू नका, फांद्यांच्या कडेखाली मुरू द्या.

दुसरी चूक छाटणीतली. वरून सरसकट शेंडा उडवला की भराभर फुटवे येतात. झाड सावरलं असं वाटतं, पण या फांद्यांची पकड कच्ची असते आणि पुढे वादळात त्याच मोडतात. फांदी जिथे खोडाला मिळते तिथे फुगीर कडं दिसतं. जखम भरून काढणारा भाग तो हाच. खोडाशी सपाट कापलं की तो जातो, लांब खुंट ठेवला तर तो कुजतो. काप कड्याच्या लगेच बाहेर घ्या. जखमेवर डांबर किंवा रंग फासू नका. त्याने कूज थांबत नाही. अमेरिकी वृक्षतज्ज्ञ अॅलेक्स शिगो यांनी हजारो खोडं चिरून हेच दाखवलं.

खिळे नकोत, आणि बुंध्याला घट्ट गुंडाळलेली तार तर नकोच. खोड जाड होत जातं तशी ती सालीत रुतते.

राहिली पोकळ बुंध्याची भीती. पाणी आणि अन्न वाहणारा जिवंत भाग बाहेरच्या थरांत असतो, त्यामुळे आत पोकळी आहे एवढ्यावरून झाड तोडायला काढू नका. मात्र झाड नव्याने कललं असेल, मुळांजवळची माती उचलली गेली असेल किंवा बुंध्याशी अळिंबी उगवली असेल, तर थांबू नका. त्याखालची वर्दळ बंद करा आणि वृक्षतज्ज्ञाला बोलवा. पुष्कळदा एखादी जड फांदी हलकी करून झाड राखता येतं.