हलग्याच्या अधिवेशनात विधेयकाची वाट कशी तपासावी

बेळगावजवळच्या हलग्याच्या सुवर्ण विधानसौधात कर्नाटक विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन भरले की बेळगाव, खानापूर, निपाणी भागात बहुतेक चर्चा सीमाप्रश्नाचीच होते, आणि ती स्वाभाविक आहे. पण त्याच दिवसांत मंजूर होणारे कायदे आपल्यालाही लागू होतात. २०१८ आणि २०२३ मध्ये सीमाभागातील मराठी भाषिकांच्या महाराष्ट्र एकीकरण समितीचा एकही आमदार निवडून आला नाही, त्यामुळे नियमांचा पक्षीय वापर ओळखण्याचे काम आता आपणच शिकले पाहिजे.

प्रथम दिवसाची कामकाजपत्रिका पाहावी. ती कन्नडमध्ये असते. गरज पडल्यास जाणकाराकडून समजून घ्यावी. विधेयक मूळ पत्रिकेत होते की ऐनवेळी पुरवणी पत्रिकेत आले, हे टिपून ठेवावे, कारण अभ्यासाला वेळ न देणे हा विरोध बोथट करण्याचा सर्वांत सोपा मार्ग आहे.

त्यानंतर दोन्ही सभागृहांतील संख्याबळ पाहावे. धर्मांतरविरोधी विधेयक २३ डिसेंबर २०२१ रोजी बेळगावातच विधानसभेत आवाजी मतदानाने मंजूर झाले, परंतु विधान परिषदेत सत्ताधारी भाजपकडे पुरेसे बळ नसल्याने ते तेथे मांडलेच गेले नाही. मे २०२२ मध्ये त्यासाठी वटहुकूम निघाला आणि परिषदेतील बळ वाढल्यावर सप्टेंबरमध्ये तेथेही मंजुरी मिळाली. राज्यघटनेच्या अनुच्छेद २१३ नुसार विधिमंडळ पुन्हा भरल्यापासून सहा आठवड्यांत वटहुकूम संपतो; म्हणून त्याची तारीख अधिवेशनाच्या तारखांशेजारी लिहून ठेवावी.

वेळ लांबवणे हीसुद्धा एक चाल असते, आणि ती कोणा एका पक्षाची मक्तेदारी नाही. काँग्रेस-जेडीएस सरकारचा विश्वासदर्शक ठराव १८ जुलै २०१९ रोजी मांडला गेला. मतदान झाले २३ जुलैला, ९९ विरुद्ध १०५. मधल्या दिवसांत राजीनामे दिलेल्या आमदारांना परत वळवण्याचे प्रयत्न चालू होते.

माझ्या मते सर्वाधिक लक्ष मतदानाच्या पद्धतीकडे द्यावे. आवाजी मतदानात कोणी काय म्हटले याची नावानिशी नोंद राहत नाही, त्यामुळे बाहेर विरोधाची भाषणे करणारा आमदारही आत मोकळा सुटतो. मतविभागणीत, म्हणजे प्रत्येकाचे मत नावानिशी नोंदले जाते तेव्हा, ही पळवाट उरत नाही. म्हणून आमदारांना पत्र लिहिताना ‘आपण विरोध केला का’ असे मोघम विचारू नये. विधेयकाचे नाव व तारीख देऊन ‘आपण मतविभागणी मागितली का’ असे विचारावे आणि मिळालेले उत्तर सभागृहाच्या छापील कार्यवृत्ताशी ताडून पाहावे.