एक ठिपका, एक गुंठा

सेंटिनेल-२ उपग्रहाच्या चित्रातला एक ठिपका म्हणजे रानातले १० बाय १० मीटर. १०० चौरस मीटर, जवळजवळ गुंठाच! औशाकडच्या आमच्या शेतकरी गटासाठी या चित्रांवरून मी काढणीआधी सोयाबीनच्या उताऱ्याचा अंदाज बांधतो. बारदाना किती घ्यायचा, गाड्या किती सांगायच्या, एवढ्यापुरता.

आधी हद्द. मोबाइल घेऊन बांधाने फिरा, पण नकाशावरची रेघ एक ठिपका आत ओढा. पहिल्या वर्षी मी बांधासकट ओढली. बाभळींनी रान असं हिरवंगार दाखवलं की मी एकरी नऊ क्विंटल सांगून बसलो, भरले सहा. चुलते अजून विचारतात, "बाभळीला शेंगा किती लागल्या रे?" चौकोनी एकरात कडा सोडल्या की सोळाएक ठिपके उरतात. अरुंद पट्ट्यांच्या नादी लागू नका.

ही चित्रं दाखवणाऱ्या कोपर्निकस ब्राउझर या संकेतस्थळावर खातं फुकट निघतं. तिथे हद्द टाकून एनडीव्हीआयचा, म्हणजे हिरवेपणाच्या आकड्याचा आलेख काढा. हिरवं पान लाल उजेड शोषतं आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त उजेड परतवतं; दोन्हींची वजाबाकी भागिले बेरीज, की झाला एनडीव्हीआय. पावसाळ्यात खरा वैताग ढगांचा. आकडा एकदम पडला आणि पुढच्या फेरीला वर आला, तर तो ढग समजून खोडा. पीक पाच दिवसांत मरून जिवंत होत नाही.

सर्वांत मोठा आकडा धरून चालू नका. रान एकदा झाकलं की तो ०.८-०.९ ला अडकतो. चांगलं आणि उत्तम रान सारखंच दिसतं. मी पेरणीपासून साधारण ४० ते ८५ दिवसांची, म्हणजे फुलोरा ते दाणे भरेपर्यंतची सरासरी घेतो. २०२३ च्या ऑगस्टात पावसाने ओढ दिली तेव्हा आलेखाची रेघ लवकर उतरली, ते सरासरीतच कळलं. जेएस-३३५ आणि फुले संगम हे वाण वेगवेगळे ठेवा, पिवळे पडायचे दिवस सारखे नसतात.

आता दोरी. काढणीला १० बाय ५ मीटरचा चौकोन आखा, कापा, मळा, नीट वाळवून तोला. किलो गुणिले ८१, हा एकरी उतारा. ८.५ किलो भरले तर ६८८ किलो, सात क्विंटलला थोडं कमी. हिरवीगार, मध्यम, रोडावलेली अशी पंधरा-वीस रानं घ्या. एक्सेलमध्ये आडवी एनडीव्हीआयची सरासरी, उभा उतारा, मधून कल दाखवणारी रेघ. चारेक रानं त्यात न घेता बाजूला ठेवा आणि रेघ त्यांचा उतारा बरोबर सांगते का ते ताडा. ही रेघ पुढच्या हंगामाच्या अंदाजाला लावायची, आणि दरवर्षी नव्या तोलाने दुरुस्त करायची.

एक फसगत मात्र उपग्रहाला दिसत नाही: शेंगा न लागलेलं सोयाबीन उशिरापर्यंत हिरवंच राहतं. म्हणून सप्टेंबरअखेर शेजारची रानं पिवळी पडली आणि एकच हिरवं राहिलं, की मी गाडी काढतो, पाच ठिकाणची झाडं उपटतो आणि बांधावर बसून शेंगा मोजतो.