शेड बांधताय? तारखा उलट्या मोजा

कोल्हापूरजवळ शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या एमआयडीसीत कारखान्याची नवी शेड काढायची असेल, तर वेळापत्रक भूमिपूजनापासून पुढं मांडू नका. मशीन सुरू व्हायला हवी ती तारीख वहीत आधी लिहा आणि तिथून मागं या. मशीन बसवायच्या आधी फाउंडेशन पक्कं हवं, आणि काँक्रीटची ताकद ओतल्यापासून 28 दिवसांवर धरतात. फाउंडेशन घालायला मशीनचं ड्रॉइंग लागतं, ते ऑर्डर पक्की झाल्याशिवाय सहसा हातात पडत नाही. म्हणजे खोदाईच्या मुहूर्ताआधी मशीनची ऑर्डर! पुढं मोजत गेलं की नेमकं हेच सुटतं.

मग जून ते सप्टेंबरवर काट मारा. निदान खोदाई आणि पत्रा चढवणं तरी त्यात नको. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43. 2019 आणि 2021 च्या पुरात शिरोलीजवळ महामार्गावरच पाणी आलं होतं. तुमचा प्लॉट कोरडा असेल हो, पण सळई-सिमेंटचा ट्रक येणार कुठनं?

वाढीव वीजभाराचा अर्ज शेवटी ठेवू नका, तो बांधकामाबरोबरच चालू द्या.

कॉन्ट्रॅक्टरला "काम कधी संपेल?" असं विचारलं की "आठवड्यात उरकतो की" एवढंच ऐकायला मिळतं. त्यापेक्षा त्याचे वेल्डर सध्या कुठल्या साइटवर आहेत आणि तिथनं कधी सुटतात, ते विचारा. गणपती-दिवाळीला गावी जाणारे किती, तेही. मिळालेली तारीख त्याच्यासमोरच वहीत लिहा.