सेके-काकडीचं उन्हाळी कॉकटेल : काकडीचा रस ओतायचा नाही

एप्रिल-मेमध्ये पुण्यात पारा चाळीसला टेकला की संध्याकाळी व्हिस्की-रम नकोशी वाटते, काहीतरी हलकं आणि गारेगार हवं असतं, आणि त्यासाठी सेके, म्हणजे तांदळाची जपानी दारू, आणि काकडी यांच्यासारखी दुसरी जोडी नाही असं माझं स्पष्ट मत आहे. पण याच्या बऱ्याचशा रेसिप्या वाचल्या की चिडायला होतं. सगळीकडे एकच सांगितलेलं असतं, काकडी मिक्सरला लावा, गाळा, सेकेत ओता, भरपूर बर्फ घालून हलवा. असं केलं की ग्लासात उरतं ते काकडीचं पाणी, आणि मग लोक म्हणतात सेकेला काही चवच नसते.

साधा हिशोब बघा. व्हिस्की 42.8 टक्के असते, तिच्यात पाणी घातलं तरी ती उभी राहते. सेके म्हणजे तांदूळ, कोजी नावाची बुरशी, यीस्ट आणि पाणी यांच्यापासून आंबवलेलं पेय, ते डिस्टिल केलेलं नसतं, त्यामुळे बहुतेक बाटल्या 15 टक्क्यांच्या आसपास असतात. काकडीत जवळजवळ 95 टक्के पाणी. वर बर्फ वितळून आणखी पाणी. 90 मिली सेकेत 45 मिली काकडीचा रस घातला की लिंबू, साखर, बर्फ सगळं धरून प्रकार सात टक्क्यांवर येतो आणि तांदळाची जी नाजूक गोडसर चव असते ती बुडते. म्हणून या ड्रिंकमध्ये काकडीचा वास हवा, तिचं पाणी नको. बाकी सगळं सोपं आहे, खरं काम एवढंच.

आधी बाटली. कोरेगाव पार्क, बाणेर भागातल्या मोठ्या वाइन शॉपमध्ये विचारा, कधी असते कधी नसते, फोन करून गेलेलं बरं. लेबलवर जुनमाई किंवा होनजोझो (हे सेकेचे प्रकार) असेल तर डोळे झाकून घ्या. दाइगिंजो हा प्रकार घेऊ नका, त्यात तांदळाचा दाणा निम्मा किंवा त्याहून जास्त घासून टाकलेला असतो, त्याच कारणाने ती महाग असते आणि तिचा फुलांसारखा वास लिंबाखाली दाबून टाकणं हा पैशाचा अपव्यय आहे, ती नुसती गार करून प्या. दुकानाच्या काचेमागे उन्हात उभी केलेली बाटली नको, सेकेला उजेड आणि उष्णता दोन्ही सोसत नाही. आणि ऑनलाइन स्वस्तात ‘कुकिंग सेके’ दिसते ती चुकूनही मागवू नका, तिच्यात पिता येऊ नये म्हणून मीठ घातलेलं असतं, ती फक्त स्वैपाकाची. उघडलेली बाटली फ्रिजमध्येच ठेवायची आणि दोन आठवड्यांत संपवायची.

(सिंहगड रोडच्या पु. ल. देशपांडे उद्यानाचं दुसरं नाव पुणे-ओकायामा मैत्री उद्यान आहे हे पुणेकरांना माहीत असतं, पण जपानमधल्या त्याच ओकायामाचा ओमाची नावाचा तांदूळ सेकेसाठी फार नावाजलेला आहे हे फारसं कुणाला माहीत नसतं. लेबलवर ओमाची दिसलं तर ती बाटली कॉकटेलमध्ये घालू नका, नुसती चाखा.)

आता काकडी. मंडईत मिळणारी साधी हिरवी, कोवळी, हाताला टणक काकडी घ्या, पिवळट झालेली नको. पॉलिहाऊसची लांबडी गडद काकडी दिसायला छान असते, बिया कमी असतात, पण वास बेताचा. आणि प्रत्येक काकडी चाखायची. प्रत्येक. उन्हाळ्यात पाण्याचा ताण बसलेल्या वेलाच्या काकड्या कडू निघतात आणि कडूपणा देठाकडे आणि सालीखाली जास्त असतो, म्हणून देठाकडची चकती कापून ती खाऊन बघा. देठ कापून तिथे घासून फेस काढायची सगळ्यांच्या घरात पद्धत आहे, तेवढ्यावर विसंबू नका, जीभच खरं सांगते. थोडी कडू असेल तर देठाकडचा दोन बोटं भाग टाका आणि साल वापरू नका, जहर कडू असेल तर अख्खी फेकून द्या, तसली काकडी पोटालाही बरी नाही.

इथून पुढचा टप्पा म्हणजे काकडीचा वास पाण्याशिवाय ग्लासात आणायचा. माझं बराच काळ इथेच अडलं होतं, आणि सुटलं ते साल आणि गर वेगवेगळे वापरायला लागल्यावर.

सालीचं आधी. काकडी स्वच्छ धुऊन सोलाण्याने सालीच्या लांब पातळ पट्ट्या काढा, हिरवा भाग हवा, खालचा पांढरा गर कमीत कमी. साधारण 300 मिली गार सेकेत एका काकडीची साल टाका, झाकण लावा आणि फ्रिजमध्ये ठेवा, 20 मिनिटं, फार तर अर्धा तास. मग काढून टाका. रात्रभर ठेवा म्हणणाऱ्यांचं ऐकू नका, अल्कोहोल सालीतला वास जसा ओढून घेतं तसाच कडवटपणाही ओढतं, आणि तासाभराने गवत चघळल्यासारखं लागायला लागतं. वीस मिनिटांनी एक घोट घेऊन बघा, काकडी कापल्या कापल्या जो वास येतो तो आला असेल तर थांबा, जास्त हाव नको.

आता गर. सोललेल्या काकडीच्या मधोमध उभी चीर देऊन बियांचा बुळबुळीत भाग चमच्याने खरवडून काढा, सगळ्यात जास्त पाणी आणि सगळ्यात कमी वास तिथेच असतो. उरलेला गर खमंग काकडीला चोचवतो तसा चोचवायचा, म्हणजे काकडी डाव्या हातात धरून सुरीच्या धारेने टोकावर जवळजवळ उभे घाव घालायचे आणि मग वरचा थर कापून खाली पाडायचा, बारीक, कोरडे, सुटे तुकडे पडले पाहिजेत. किसू नका. किसणीवर गर चुरडतो, रस गढूळ होतो आणि मिक्सरमध्ये तर फेस येऊन अर्ध्या तासात वास बदलतो. साधारण 250 ग्रॅम चोचवलेल्या काकडीला 125 ग्रॅम साखर आणि चिमूटभर मीठ लावा, झाकून फ्रिजमध्ये पाऊण तास ठेवा, मधे दोनदा हलवा. साखर काकडीतलं पाणी बाहेर ओढते आणि त्याच पाण्यात विरघळते, वरून एक थेंब पाणी घालावं लागत नाही. नेहमीच्या शुगर सिरपमध्ये निम्मं नळाचं पाणी असतं, इथे तेवढी जागा काकडीने भरली, एवढंच गणित आहे.

सिरप गॅसवर ठेवू नका. साखर लवकर विरघळावी म्हणून कोमट करायचा मोह होतो, पण गरम झालं की काकडीचा ताजा वास उडतो आणि शिजलेल्या दुधीचा वास येतो, तो कशानेही जात नाही. तळाला साखर राहिली असेल तर अजून दहा मिनिटं ठेवा आणि हलवा, बाकी काही नाही.

चक्का टांगायला वापरतो तसं मलमलचं फडकं घ्या, पण ज्याला दह्याचा किंवा साबणाचा वास अजिबात नाही असं, आणि त्यातून सिरप गाळा. पुरचुंडी हलकी दाबा, पिळू नका. खाली पडेल ते पोपटी, पातळसर, पारदर्शक असायला हवं. ढगाळ दिसलं तर पिळलंय जास्त.

ड्रिंक जुळवायला दोन मिनिटं लागतात. स्टीलचे पेले आधीच फ्रीझरमध्ये ठेवा, काचेपेक्षा पटकन गार होतात. घट्ट झाकणाच्या बरणीत 90 मिली साल मुरवलेली सेके, 20 मिली काकडीचं सिरप, 10 मिली लिंबाचा रस, मोठे चार खडे बर्फ, आणि आठ-दहा सेकंद हलवा. लगेच गाळून पेल्यात. बस. अर्धा मिनिट झटकत बसलात तर वर केलेली सगळी मेहनत बर्फाच्या पाण्यात गेली.

लिंबाबद्दल मी हट्टी आहे. सेकेत वाइनपेक्षा आंबटपणा कमी असतो, आपली कागदी लिंबं चांगलीच तिखट आंबट असतात, त्यामुळे परदेशी रेसिपीत लिहिलेलं 25-30 मिली प्रमाण इथे घातलं की लिंबू सरबत होतं. 10 मिली, म्हणजे दोन छोटे चमचे, त्यावर नाही. पुदिना नको, पुदिना आला की काकडी संपली. काळं मीठ आणि चाट मसालाही नको. आल्याच्या रसाचे चार थेंब मात्र छान लागतात.

बर्फ फ्रीझरच्या छोट्या ट्रेमधला नको, तो लगेच वितळतो. छोट्या वाट्यांमध्ये पाणी लावून ठेवा, मोठे गोळे मिळतात. लादीचा बर्फ पिण्यात घालायचा नाही.

उंच ग्लासात हवं असेल तर सेके 90 च ठेवून लिंबू, सिरप घाला, बर्फ टाका आणि वरून 60 मिली एकदम गार सोडा, एकदाच हलक्या हाताने ढवळा. न पिणाऱ्यांसाठी हेच सिरप, लिंबू आणि सोडा, उत्तम सरबत होतं, त्यांना वेगळं काही करावं लागत नाही. सोबत बाकरवडी वगैरे नको, मसाल्यापुढे सेके टिकत नाही, मीठ घालून उकडलेल्या शेंगा ठेवा.

एक महत्त्वाचं. हे इतकं अलगद उतरतं की किती झालं ते कळत नाही. 90 मिली सेकेत व्हिस्कीच्या स्मॉल पेगपेक्षा किंचित जास्तच अल्कोहोल असतं, सरबत समजून चार प्यायलात तर तेवढे पेग झाले. गाडी घेऊन आलेल्या माणसाला देऊ नका, कितीही आग्रह केला तरी, आणि पंचविशीच्या आतल्यांना तर मुळीच नाही.

सिरप आयत्या वेळी करा, फ्रिजमध्ये दुसऱ्या दिवशीपर्यंत ठीक राहतं, नंतर रंग उतरतो आणि वास जातो. फडक्यात उरलेली काकडी टाकू नका. तिच्यात दाण्याचं कूट, हिरवी मिरची, कोथिंबीर घाला, लिंबू नेहमीपेक्षा जास्त पिळा, साखर अर्थातच परत घालायची नाही, वरून जिऱ्याची चरचरीत फोडणी, आणि रात्रीच्या जेवणाला वाढा.