खाण बुजवलेल्या सड्यावर वनस्पती मोजायला निघण्यापूर्वी

बेळगाव-खानापूर पट्ट्यात जांभ्याचे सडे, म्हणजे सपाट कातळी पठारं, दोन कारणांनी खणले गेले. एक म्हणजे घरबांधणीचे चिरे, आणि दुसरं म्हणजे बोकनूर-नावग्यासारख्या पठारांवरचं बॉक्साइट. काम संपल्यावर खड्डा भरतात, माती पसरतात, रोपं लावतात आणि काही वर्षांत लांबून सगळं हिरवं दिसू लागतं. ते हिरवं नेमकं कशाचं आहे, हे तुम्हाला सांगायचंय. म्हणून तयारी पाठपिशवीपासून नको, कागदांपासून सुरू करा.

सर्व्हे नंबर काढा, आरटीसी उतारा (कर्नाटकातला सातबारा) घ्या. उतारा कन्नडमध्ये असतो, तेव्हा वाचता येणारा एखादा मित्र सोबत हवा. जमीन वनखात्याची असेल तर परवानगी लेखी घ्या. खासगी असेल तर मालक आणि ग्रामपंचायत दोघांच्या कानावर घाला. मग खाण बंद करण्याचा आराखडा मिळतो का पाहा. कोणता तुकडा कोणत्या वर्षी भरला, वरची माती किती जाडीची पसरली, ती आधी किती काळ ढिगाऱ्यात पडून होती आणि कोणती रोपं किती लावली, एवढं तरी त्यातून टिपून घ्या. माती जितकी जास्त दिवस ढिगाऱ्यात राहते, तितकं तिच्यातलं बी मरत जातं. जानेवारी 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणपट्ट्याच्या अटींत खणलेल्या जागी पुन्हा गवत लावण्याची अट घालायला सांगितलं, जनावरांना चारा मिळावा म्हणून. त्यामुळे मोजणीत गवताला दुय्यम समजू नका.

खरं तर सड्याची श्रीमंती झाडांत नसतेच. पावसाळ्यात कातळावरच्या बोटभर मातीत सीतेची आसवं, गेंद, कवला, तेरडा उगवतात आणि महिन्या-दोन महिन्यांत संपतात. ऑस्ट्रेलियन बाभळीचं दाट बन उभं राहिलं की फोटो छान येतो, पण खाली वाळक्या पानांचा थर साचतो आणि तो लवकर कुजत नाही. मला तरी असं बन म्हणजे सडा परत आला असं म्हणवत नाही.

तुलनेसाठी न खणलेला तुकडा आधीच ठरवून ठेवा. तो त्याच पठारावर, तेवढ्याच उंचीवर, तशाच उताराचा हवा. पश्चिमेच्या घाटमाथ्यावरचा कणकुंबीकडचा पाऊस आणि पूर्वेच्या गोकाककडचा पाऊस यांचं गणित इतकं वेगळं आहे की सोय म्हणून पूर्वेकडची जागा निवडली तर फरक खाणीमुळे पडला की पावसामुळे, ते सांगता येणार नाही. एका फेरीत काम उरकू नका. जुलैपासून सप्टेंबरपर्यंत छोट्या वनस्पतींसाठी, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गवतं तुऱ्यावर असताना, आणि झाडाझुडपांसाठी उन्हाळ्यात, असं जा. तुरा नसलेलं गवत ओळखायला बसलात तर दिवस फुकट.

सामान फार नाही. तीस मीटरचा टेप, सुतळी, पीव्हीसी पाइपची एक मीटरची चौकट. झाडांना 10 बाय 10 मीटर, झुडपांना 5 बाय 5, गवत आणि छोट्या रोपांना 1 बाय 1, अशी मापं साधारण चालतात. जागा आधी नकाशावर चिठ्ठ्या टाकून ठरवा. तिथे गेल्यावर डोळा आपसूक छान तुकड्याकडे वळतो. जांभ्यात खुंटी जात नाही, म्हणून कोपऱ्यांना ऑइलपेंटचे ठिपके द्या; चुना पहिल्याच सरीत धुऊन जातो. लिहायला पेन्सिल. नकाशा मोबाइलमध्ये ऑफलाइन उतरवून घ्या, रेंजचा भरवसा नाही.

नोंदवहीत प्रत्येक जातीपुढे दोन रकाने हवेतच: लावलेली आणि आपणहून आलेली. जांभूळ, कुंभा, करवंद यांची बोटभर रोपं दिसली तर ती वेगळी मोजा. पक्षी आणि जनावरं तिथे बी टाकू लागली, याचा पुरावा तीच. रानमोडी, घाणेरी आणि काँग्रेस गवत या परकी तणांनाही वेगळी खूण करा. शॅनन निर्देशांक, म्हणजे जाती किती आणि त्यांची वाटणी किती समान हे सांगणारा आकडा, काढाल तेव्हा हे उपयोगी पडेल. शंभर रोपांत दहा जातींची प्रत्येकी दहा रोपं असतील तर तो 2.30 येतो, त्याच दहा जातींत एकाच जातीची 91 आणि बाकी नऊ जातींचं एकेक रोप असेल तर 0.50. मात्र देशी आणि परकी यांतला फरक त्या आकड्याला कळत नाही, तो तुम्हालाच लिहावा लागतो.

नमुने दाबायला जुने ‘तरुण भारत’ चालतात, पण पावसाळ्यात कागद रोज बदला, नाहीतर बुरशी धरते. गवत मुळासकट घ्या. दुर्मिळ वाटलेलं रोप उपटू नका, फोटोवर भागवा.

अंगभर कपडे, गमबूट, जळवांसाठी मीठ. डिसेंबर ते मे मंकी फीवरचा, म्हणजे गोचीड चावून होणाऱ्या तापाचा काळ, तेव्हा गोचीड तपासल्याशिवाय घरात शिरू नका, आणि माकड मेलेलं दिसलं तर हात न लावता आरोग्य केंद्राला कळवा. पाणी भरलेल्या चिरेखाणीच्या काठाशी जाऊ नका. भिंत सरळ कापलेली असते, पडलेल्याला वर यायला धरायला काही नसतं. अस्वल आणि गवा याच भागात आहेत, म्हणून एकट्याने नको.

सोबत गवळी-धनगरांपैकी कुणी मामा आले तर उत्तम. खाणीआधी तिथे काय उगवायचं, गुरं काय खायची आणि आता कशाला तोंड लावत नाहीत, हे त्यांना विचारा आणि त्यांची नावं आहेत तशीच लिहा. त्यांच्या दिवसाची मजुरी द्या.

दिवसाचा क्रम आधी न खणलेला सडा आणि मग खाण, असाच ठेवा. उलट गेलात तर बुटांना आणि पँटला चिकटलेलं रानमोडीचं बी तुम्हीच तिकडे नेऊन पेराल. दोन्ही एकाच दिवशी जमत नसेल तर मधे बूट घासून धुवा, मोजे बदला.