पपई नर निघाली? कोयता काढायच्या आधी फूल बघा

आमच्या नाशिकच्या पाथर्डी फाट्याच्या रो हाऊसमागे तीन पपया आहेत. दोन एकाच फळाच्या बियांच्या, आणि तिसरी मोरीच्या पाण्यावर आपोआप उगवलेली. तिघींचं वागणं तीन तऱ्हेचं. एकीला लांबट फळं, एकीला गोल, आणि मोरीवरची नुसते लांब दांडे सोडून फुलं गाळत बसायची, रोज सकाळी अंगणात सडा. सासूबाई म्हणाल्या नर आहे गं ती, काढून टाक. शेजारच्या काकू म्हणाल्या खिळा ठोक, फळं धरतात. मी कोयता शोधत होते तेवढ्यात दिवाळी आली आणि साफसफाईत तो राहून गेला, आणि दिवाळीनंतर बघते तर एका दांड्याच्या टोकाला लिंबाएवढी पपई लोंबकळतेय! खिळा ठोकलेला नव्हता हे आधीच सांगून ठेवते.

तेव्हापासून मी फुलं बघायला लागले. पपई पेरल्यापासून साधारण चार ते सहा महिन्यांत पहिली कळी येते आणि त्याआधी रोपाकडे बघून लिंग सांगणारा माणूस अंदाज मारतोय असं समजा. सरळ मूळ म्हणजे नर, फाटे फुटलेलं मूळ म्हणजे मादी, काळं बी, फिकं बी, हे सगळं ऐकलंय मी, आणि एका नर्सरीवाल्याने तर "गॅरंटी मादी" म्हणून जास्त पैसे घेऊन दिलेलं रोप नर निघालं. जाऊ दे.

आता बघायचं कसं. पपईची झाडं तीन प्रकारची: नर, मादी आणि उभयलिंगी, म्हणजे एकाच फुलात नर-मादी दोन्ही भाग असलेली. झुपक्यातली मधली, सगळ्यात मोठी कळी घ्या, कडेची बारीक नको, कारण उभयलिंगी झाडालाही कडेला छोटी नर फुलं येतात आणि तिथेच माणूस फसतो. नर कळी लवंगेसारखी, बारीक नळी आणि वर गोंडा, आणि ती पण हातभर लांब दांड्यावर झुपक्याने. मादी कळी खोडाला चिकटून, तळाशी फुगीर आणि वर निमुळती, मोदकच म्हणा. उभयलिंगी कळी बोटाच्या पेरासारखी सरळ. खात्री करायची तर वर्तमानपत्रावर ठेवून ब्लेडने उभी चिरा, आणि हात लगेच धुवा कारण चीक खाजतो. मादी फुलात पाकळ्या जवळजवळ बुडापर्यंत सुट्या, आत फिकट हिरवी गोटी, म्हणजे बीजकोश, ज्याचं पुढे फळ होतं, आणि तिच्या डोक्यावर पाच फाट्यांची झालरीसारखी कुक्षी, जिच्यावर पराग चिकटतो; पराग देणारा पुंकेसर एकही नाही. उभयलिंगी फुलात पाकळ्या खालून अर्ध्या जोडलेल्या, मधे लांबट काकडीसारखा बीजकोश आणि भोवती दहा पिवळे पुंकेसर. नर फुलात पुंकेसर दहाच, पण बीजकोशाच्या जागी नुसती काडी.

यावरून फळाचा आकारही कळतो. बाजारातली लांबट पपई उभयलिंगी झाडाची, गोल आणि आत मोठी पोकळी असलेली मादी झाडाची. घरी बी लावायचं असेल तर लांबट फळाचं घ्या. ते फळ स्वतःच्याच परागावर धरलेलं असेल तर तीन रोपांत सरासरी दोन उभयलिंगी आणि एक मादी निघते, नर नाहीच. गोल फळाला पराग उभयलिंगी झाडाचा मिळाला असेल तर निम्मी मादी, निम्मी उभयलिंगी. पण आसपास नर झाड असेल तर गोल फळातून निम्मे नरही निघू शकतात. रेड लेडी म्हणजे तैवान ७८६ हा वाण उभयलिंगी आणि मादी अशाच झाडांचा आहे, तो हायब्रीड असल्यामुळे त्याच्या बीला चव तशीच येईल असं नाही, पण नर निघायची भीती कमी. जुन्या वॉशिंग्टनसारख्या वाणात मात्र नर आणि मादी वेगळे.

बी पेरताना त्यावरची बुळबुळीत पिशवी राखेत चोळून काढा, ती असली की रुजायला फार वेळ लागतो. मग सावलीत वाळवून लगेच पेरा, बी फार टिकत नाही. एका आळ्यात एक रोप लावू नका, तीन लावा, वीतभर अंतराने, आणि फुलं आल्यावर हवं ते ठेवून बाकीची कापा. लांबट फळाचं बी असेल तर तिन्ही रोपं मादी निघायची शक्यता २७ मध्ये १ एवढीच उरते. जीवावर येतं कापायला, पण एकाच आळ्यात तिन्ही ठेवली की तिघीही उपाशी राहतात. आणि आपल्या काळ्या जमिनीत आळं खोलगट करू नका, उंचवट्यावर लावा, पावसाळ्यात बुंध्यापाशी पाणी तुंबलं की दोन दिवसांत झाड मान टाकतं.

आता गंमत. पपई थंडी-उन्हाप्रमाणे आपलं फूल बदलते. सगळ्यात जास्त उभयलिंगी, थोडं नर, आणि मादी मात्र ठाम, ती काहीही झालं तरी मादीच राहते. माझ्या लांबट फळांच्या झाडाच्या खोडावर मधे फूट-दीड फूट नुसते पानांच्या देठांचे व्रण आहेत, एकही फळ नाही, खाली फळं आणि वर फळं. तो एप्रिल-मे. नाशिकला पारा चाळिशीकडे गेला की उभयलिंगी फुलातला बीजकोश नीट भरत नाही, फूल नरासारखं वागतं आणि गळून पडतं. पपईला प्रत्येक पानाच्या बगलेत फूल येतं त्यामुळे वर्षभराचा हिशोब खोडावर वाचता येतो. लोक मे महिन्यात घाबरून खताची गोणी रिकामी करतात, तसं करू नका, पाणी नियमित ठेवा, बुंध्याभोवती पालापाचोळा घाला, पावसाळ्यात ती आपोआप धरते.

थंडीत उलट होतं. निफाडला पारा पाचाच्या खाली जातो तेव्हा आपल्याकडेही रात्री गारठतात, आणि त्यात कोणी भरपूर युरिया आणि पाणी दिलं असेल तर फुलातले पुंकेसरच बीजकोशाला चिकटून वाढतात आणि फळ वेडंवाकडं होतं, उभ्या चिरा, एका बाजूला नाकासारखा गोळा, माझ्या मुलीने एकाला डोळे काढून गणपती केला होता. अशी फळं खायला चालतात, पण लहान असतानाच खुडली तर बाकीच्यांना जोर मिळतो. कधी फुलात दहाऐवजी पाचच पुंकेसर राहतात, मग फळावर पाच खोल पन्हाळी पडतात, तेही याच घराण्यातलं. फळावर गुठळ्या आणि त्यातून चीक येत असेल तर मात्र बोरॉनची कमतरता असू शकते. आणि पानं पिवळी-हिरवी चट्ट्यांची, आक्रसलेली, फळावर गोल कड्या असतील तर तो रिंगस्पॉट व्हायरस, मावा पसरवतो, तिथे मात्र कोयता काढा.

मादी एकटी असेल आणि जवळपास कुणाचीच दुसरी पपई नसेल तर बारीक फळं गळतात, काही टिकली तर लहान आणि बिनबियांची. माझ्या गोल फळाच्या झाडाला लांबटवाली शेजारी आहे म्हणून निभतं. तुमच्याकडे नसेल तर सकाळी नर किंवा उभयलिंगी झाडाचं नुकतं उमललेलं फूल तोडा, पाकळ्या सोला, आणि मादी फुलाच्या झालरीवर पिवळी भुकटी हलकेच घासा. पाच मिनिटांचं काम. शेजाऱ्याच्या झाडाचं फूल घेताना विचारून घ्या म्हणजे झालं.

राहिली मोरीवरची. नर झाडाच्या दांड्याच्या टोकाला कधीकधी पूर्ण फूल येतं, बहुतेक गारवा सुरू झाला की, आणि त्याचं फळ दोरीला बांधल्यासारखं लोंबतं. खिळे ठोकणं, शेंडा छाटणं याने पण झाडाला धक्का बसून क्वचित असं होत असेल, पण भरवसा काही नाही, आणि जखमेतून खोड कुजतं ते वेगळंच. ही फळं लहान असतात, खायला चालतात, आम्ही कोशिंबीर केली, सासूबाईंनी आधी नाक मुरडलं मग दोनदा वाढून घेतली. पण त्यांचं बी पेरू नका. ते फळ स्वतःच्याच परागावर धरलं असेल तर उगवणाऱ्या तीनपैकी दोन रोपं परत नरच निघतात. झाड नर किंवा उभयलिंगी होतं ते वाय गुणसूत्रामुळे, आणि पपईत ते दोन्ही बाजूंनी आलं तर तो गर्भ बीमध्येच मरतो, म्हणून हिशोब असा दोनास एक पडतो, लांबट फळात उभयलिंगी जास्त निघतात तेही याच कारणाने.

कोयता सध्या माळ्यावर आहे. मोरीवरच्या झाडाची फुलं आता काकूंच्या मादी पपईसाठी जातात, त्या स्वतःच सकाळी येऊन तोडून नेतात.